सोन्यावर फेरोसीनचा थर बसवायचाय? मग आधी सोनं बघा

सेल्फ असेंब्ली (रेणूंनी आपणहून पृष्ठभागावर थर करून बसणं) म्हटलं की वाटतं काम आपोआप होणार, सोन्याची चकती रेणूंच्या सोल्युशनमध्ये बुडवली की आपण मोकळे. ते अर्धंच खरं आहे. रेणू खरंच स्वतःहून येऊन रांगेत बसतात, पण त्यांच्या आधी हवेतली चरबी, बोटांचं तेल, प्लास्टिकमधून सुटलेलं काहीबाही हे सगळंही तितक्याच आनंदाने येऊन बसतं. म्हणून या लेखात रसायनापेक्षा साफसफाईच जास्त येणार आहे, कंटाळू नका, थर बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

उदाहरण म्हणून मी ११-फेरोसीनिल-अनडेकेनथायॉल घेतोय. नाव लांब आहे पण रेणू साधा आहे. डोक्याला फेरोसीन, म्हणजे कार्बनच्या दोन पंचकोनी चकत्या आणि त्यांच्या मधोमध लोखंडाचा एक अणू (फेरोसीनचा शोध १९५१ चा). त्याखाली अकरा कार्बनांची साखळी आणि शेवटी गंधक. गंधकाला सोनं फार आवडतं, सोन्यावर गंधकवाले रेणू नीट थर करून बसतात हे नुझो आणि अलारा यांनी १९८३ मध्ये दाखवलं, तेव्हापासून हा प्रकार लॅबोरेटरीत सगळ्यात जास्त वापरला जातो. माझ्या दृष्टीने फेरोसीनचा मोठा फायदा वेगळाच आहे. प्रत्येक रेणूत एकच लोखंड, ते एकच इलेक्ट्रॉन देतं आणि परत घेतं, त्यामुळे थरात किती रेणू बसले ते चक्क मोजता येतं. थर छान झालाय असं वाटणं आणि तो मोजून बघणं यात खूप फरक आहे.

आधी एक हिशोब, नाहीतर पुढे फसाल

साधे थायॉल (टोकाला गंधक असलेले पण डोक्याला फेरोसीन नसलेले साखळीवाले रेणू) सोन्याच्या १११ पृष्ठभागावर (जिथे सोन्याचे अणू सगळ्यात दाट रचलेले असतात) बसले की दोन गंधकांमधलं अंतर साधारण ५ अँगस्ट्रॉम असतं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), म्हणजे एका रेणूच्या वाट्याला २१.६ चौरस अँगस्ट्रॉम जागा येते. साखळ्या अंदाजे ३० अंशांनी कलतात आणि एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. फेरोसीनचं डोकं मात्र ६.६ अँगस्ट्रॉमचा गोळा आहे, त्याला सुमारे ३७ चौरस अँगस्ट्रॉम लागतात. पाय बारीक आणि डोकं मोठं, त्यामुळे नुसते फेरोसीनवाले रेणू दाटीने बसवले की डोकी एकमेकांना ढकलतात, खाली साखळ्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि थर भरलेला असूनही शिस्तीत नसतो.

म्हणजे जास्तीत जास्त फेरोसीन आणि जास्तीत जास्त सुव्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला यातलं काय हवंय ते सुरुवातीलाच ठरवा. शिस्त हवी असेल तर फेरोसीनवाले रेणू थोडे आणि बाकी साधे थायॉल असं मिश्रण लागतं, त्यावर पुढे येतोच.

काचसामान

थायॉलसाठी वेगळ्या बाटल्या ठेवा आणि त्या दुसऱ्या कशालाही वापरू नका. काच धुवायला बरेच जण पिरान्हा वापरतात, म्हणजे तीन भाग तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आणि एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड ॲसिडमध्ये हळूहळू घालायचं, उलट करायचं नाही. हे मिश्रण प्रचंड तापतं, ॲसिटोन किंवा इथेनॉल त्यात थोडंसंही गेलं तर उसळतं, आणि उरलेलं झाकण घट्ट लावून ठेवलं तर बाटली फुटते. फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट), चेहऱ्याची ढाल, जाड हातमोजे, आणि एकट्याने करायचं नाही. खरं सांगायचं तर काचेसाठी एवढ्याची गरज दरवेळी नसते, चांगला डिटर्जंट, भरपूर शुद्ध पाणी (१८.२ मेगाओहम सेंटिमीटर वालं), मग शुद्ध इथेनॉल आणि ओव्हन एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

प्लास्टिकपासून मात्र लांब राहा. माझ्या मोजमापाच्या आलेखातल्या पीकला (म्हणजे करंटच्या उंचवट्याला) एकदा बरेच आठवडे बाजूला विचित्र खांदा येत होता, मी रेणूला दोष देत बसलो, नवीन बॅच मागवली, आणि शेवटी कळलं की धुवायचं इथेनॉल मी मऊ प्लास्टिकच्या वॉशबॉटलमध्ये महिनोन्महिने भरून ठेवत होतो. काचेच्या बाटलीत घेतल्यावर खांदा गेला. चिमटाही स्टीलचा किंवा टेफ्लॉनचा घ्या, आणि चकती कायम एकाच कोपऱ्याला धरा, तो कोपरा मोजमापात घ्यायचाच नाही.

सोनं

दोन प्रकार हाताशी असतात. एक म्हणजे २ मिलिमीटरचा डिस्क इलेक्ट्रोड, जो घासून पुन्हा पुन्हा वापरता येतो. दुसरा म्हणजे काच किंवा अभ्रकावर बसवलेली सोन्याची फिल्म. फक्त रेणू मोजायचे असतील तर डिस्क पुरते, मायक्रोस्कोपखाली रांगा बघायच्या असतील तर अभ्रकावरचं सोनं हवं.

डिस्क घासायची ती ॲल्युमिना पावडरीने, आधी १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५. ओल्या कापडावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवायची, दोनतीन मिनिटं, जोर न लावता. प्रत्येक पावडरीनंतर पाण्याने धुवायची आणि पुढच्या पावडरीला कापड बदलायचं, नाहीतर आधीची जाड पावडर बारीक ओरखडे पाडत राहते. शेवटी पाण्यात अल्ट्रासॉनिक बाथमध्ये दोन मिनिटं, नंतर इथेनॉलमध्ये दोन मिनिटं.

यानंतर खरी सफाई. डिस्क ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ठेवून पोटेन्शियल (विद्युत दाब) ० ते १.५ व्होल्टमध्ये (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या रेफरन्स इलेक्ट्रोडच्या, म्हणजे स्थिर पोटेन्शियलच्या दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत) पुढेमागे फिरवायचं. वर जाताना सोन्यावर ऑक्साइड बनतो, खाली येताना ०.९ व्होल्टच्या आसपास तो एका सुबक पीकमध्ये निघून जातो. सुरुवातीची चक्रं वेडीवाकडी दिसतात, मग हळूहळू एकावर एक बसायला लागतात. ती तंतोतंत जुळेपर्यंत थांबायचं नाही, वीस चक्रं लागोत की पन्नास.

या शेवटच्या चक्राची फाइल जपून ठेवा. ऑक्साइड जाण्याच्या पीकखालचा चार्ज मोजायचा आणि त्याला प्रति चौरस सेंटिमीटर ३९० मायक्रोकूलॉमने भागायचं, मिळतं ते तुमच्या सोन्याचं खरं क्षेत्रफळ. पट्टीने मोजलेलं क्षेत्रफळ इथे चालत नाही कारण घासलेलं सोनं सूक्ष्म पातळीवर डोंगरदऱ्यांचं असतं. वरची मर्यादा बदलली की ऑक्साइड कमीजास्त बनतो आणि हा भागाकार बिघडतो, म्हणून ती दरवेळी सारखीच ठेवा.

अभ्रकावरच्या सोन्याला ज्योत दाखवतात. ब्युटेनची किंवा हायड्रोजनची ज्योत, अंधाऱ्या खोलीत, फिल्म अगदी मंद लालसर दिसेपर्यंत, आणि ज्योत एका जागी स्थिर ठेवायची नाही. यामुळे शेकडो नॅनोमीटर रुंदीची सपाट मैदानं तयार होतात, एका पायरीची उंची २.३५ अँगस्ट्रॉम. काचेवरच्या फिल्मखाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा चिकट थर असतो, ती जास्त तापवली तर तो धातू सोन्यातून वर झिरपतो, आणि मग तुम्ही नक्की कशावर थर बसवताय देव जाणे.

स्वच्छ सोनं हवेत ठेवू नका. काही मिनिटांतच त्याच्यावर कार्बनचा कचरा जमतो. पाण्याचा थेंब टाकून बघा, ताज्या सोन्यावर तो पसरतो, शिळ्या सोन्यावर फुगीर उभा राहतो, फुकटात होणारी टेस्ट आहे. म्हणून सोल्युशन आधी बनवून ठेवायचं आणि सोनं सगळ्यात शेवटी साफ करायचं. नवीन लोक हमखास उलटं करतात.

सोल्युशन

१ मिलीमोलर, शुद्ध इथेनॉलमध्ये. या रेणूचं वजन ३७२.४ ग्रॅम प्रति मोल, म्हणजे २० मिलिलिटरला ७.४५ मिलिग्रॅम. वजनात थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही, पण बाटली जुनी आहे का ते नक्की बघा, थायॉल हवेत ऑक्सिडाइझ होऊन जोडीने डायसल्फाइड बनतात. डायसल्फाइडही सोन्यावर बसतं पण ते कमी विरघळतं, आणि कधीकधी त्याचा थर पृष्ठभागावर पडतो. बाटली नायट्रोजन भरून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आतल्या थंड पावडरीवर दव पडतं. इथेनॉलमधूनही आधी दहापंधरा मिनिटं नायट्रोजन सोडा.

बुडवणं

बुडवा, झाकण लावा, अंधारात ठेवा. पहिल्या काही मिनिटांतच बहुतेक जागा भरते, त्यामुळे लोकांना वाटतं झालं काम. पण तेव्हा रेणू नुसते गर्दी करून असतात, साखळ्या वाकड्यातिकड्या, काही आडव्या पडलेल्या. त्यांना सरकून, सुटून, परत बसून जागा लावायला तास लागतात. मी १८ ते २४ तास ठेवतो. घाईच असेल तर सोल्युशन थोडं कोमट ठेवता येतं, पण रात्रभर ठेवणं सोपं पडतं, कारण तेवढ्या वेळात आपण दुसरं काही करत असतो.

बाहेर काढल्यावर इथेनॉलने भरपूर धुवा, भरपूर म्हणजे धार धरून निदान अर्धा मिनिट, मग पाण्याने, मग नायट्रोजनने हळूच वाळवा. गंधकाने न पकडलेले, नुसते वर चिकटलेले रेणू इथे गेले नाहीत तर पुढच्या मोजमापात ते खोटा आकडा देतात.

मोजायची वेळ

सायक्लिक व्होल्टॅमेट्री लावा, म्हणजे पोटेन्शियल पुढेमागे फिरवत करंट नोंदवा. इलेक्ट्रोलाइट (वीज वाहून नेणारं द्रावण) म्हणून परक्लोरिक ॲसिड, ०.१ किंवा १ मोलर. परक्लोरेटच का, तर फेरोसीनमधून इलेक्ट्रॉन गेला की फेरोसीनियम हा धन आयन तयार होतो आणि त्याला सोबत करायला ऋण आयन लागतो, परक्लोरेट ते काम छान करतो. क्लोराइड टाळायचा, फेरोसीनियम त्यात लवकर खराब होतो आणि जास्त पोटेन्शियलला क्लोराइड सोन्यालाही कुरतडतो. तीव्र परक्लोरिक ॲसिड आणि सेंद्रिय द्रव एकत्र येऊ द्यायचे नाहीत, आणि परक्लोरेट असलेलं काहीही आटवून कोरडं करायचं नाही, स्फोट होतो.

इथे एक छळवादी बारकावा आहे. रेफरन्स इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असेल तर टोकाच्या सच्छिद्र काचेत पोटॅशियम बाहेरच्या परक्लोरेटला भेटतं, आणि पोटॅशियम परक्लोरेट पाण्यात फारसं विरघळत नाही, तिथेच पांढरं गोठून छिद्रं बुजवतं. मग पोटेन्शियल सरकायला लागतं आणि आपण थरावर संशय घेतो. त्यात सोडियम क्लोराइड भरा किंवा दुहेरी जंक्शनवाला वापरा.

० ते ०.६ व्होल्टमध्ये, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट वेगाने फिरवा. पहिली दोनतीन चक्रं सोडून द्या. जाताना एक पीक, येताना एक पीक, दोन्ही साधारण एकमेकांखाली. आदर्श थरात पीकच्या अर्ध्या उंचीवरची रुंदी २५ अंश सेल्सिअसला ९०.६ मिलिव्होल्ट असते आणि दोन पीकमधलं अंतर शून्य. तुमचं तसं येणार नाही, घाबरू नका. रुंदी जास्त असेल तर शेजारची फेरोसीन एकमेकांना ढकलतायत किंवा सगळ्यांच्या भोवतालची परिस्थिती एकसारखी नाही. रुंदी कमी असेल तर ती एकमेकांना ओढतायत. पीकला खांदा किंवा दुसरं टोक असेल तर बऱ्याचदा काही फेरोसीन गर्दीच्या बेटांत आणि काही साध्या थायॉलमध्ये एकटी असतात, दोघांचं पोटेन्शियल वेगळं पडतं.

नंतर वेग बदला, ५०, १००, २००, ५००. पीकची उंची वेगाच्या सरळ प्रमाणात वाढली तर रेणू खरंच पृष्ठभागावर बसलेत. वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढली तर ते द्रवात तरंगतायत, म्हणजे धुणं कमी पडलं.

आता मोजू. समजा पीकखालचं क्षेत्रफळ, पार्श्वभूमी वजा करून, ०.१९ मायक्रोअँपिअर-व्होल्ट आलं. वेग ०.१ व्होल्ट प्रति सेकंद, भागलं की चार्ज १.९ मायक्रोकूलॉम. २ मिलिमीटरच्या डिस्कचं पट्टीचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस सेंटिमीटर. चार्जला फॅरडेच्या ९६४८५ ने (एक मोल इलेक्ट्रॉनांचा चार्ज, कूलॉममध्ये) आणि या क्षेत्रफळाने भागलं तर येतात ६.३ गुणिले १० चा उणे दहावा घात मोल प्रति चौरस सेंटिमीटर. छान वाटतं ना? पण ६.६ अँगस्ट्रॉमचे गोळे खेटून ठेवले तरी साधारण ४.५ च्या वर जाता येत नाही, म्हणजे हा आकडा अशक्य आहे. आता ऑक्साइडवालं खरं क्षेत्रफळ घ्या. तिथे समजा १८.४ मायक्रोकूलॉम आले होते, ३९० ने भागून ०.०४७ चौरस सेंटिमीटर, आणि उत्तर येतं ४.२. हे पटण्यासारखं आहे, जवळजवळ भरलेला थर. सोन्याचा खडबडीतपणा न मोजता आपण दीडपट थर बसवला अशी फुशारकी मारलेले रिपोर्ट मी बरेच पाहिलेत, त्यातला एक माझाच होता.

फेरोसीन शांत असतं त्या भागातला, म्हणजे पीकच्या अलीकडचा करंटही बघा. त्यावरून कपॅसिटन्स, म्हणजे पृष्ठभाग किती चार्ज साठवतो ते कळतं. उघड्या सोन्याचा काही दशक मायक्रोफॅरड प्रति चौरस सेंटिमीटर, नीट भरलेल्या थराचा एकदोन. पीक सुरेख पण कपॅसिटन्स मोठा असेल तर थरात भोकं आहेत.

मिश्रण

शिस्तीचा थर हवा असेल तर एकूण १ मिलीमोलर ठेवून त्यात फेरोसीन थायॉल एक दशांश आणि बाकी साधा डेकेनथायॉल घ्या. १९९० मध्ये चिडसी, बर्टोझी आणि सहकाऱ्यांनी असे मिश्र थर बसवून नीट तपासले होते (हीच ती कॅरोलिन बर्टोझी जिला २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्या कामासाठी). साधे थायॉल मध्ये आले की मोठ्या डोक्यांना जागा मिळते, साखळ्या नीट उभ्या राहतात आणि पीक आदर्शाच्या जवळ जातं.

फक्त बाटलीतलं प्रमाण आणि सोन्यावरचं प्रमाण एकच असेल असं धरून चालू नका. कोण किती विरघळतो, कोणाची साखळी लांब, यावर ते बदलतं. दरवेळी मोजा. मिश्रणाने भागत नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे आधी भरलेला फेरोसीन थर साध्या थायॉलच्या सोल्युशनमध्ये ठेवायचा, काही फेरोसीन निघून त्यांच्या जागी साधे बसतात. सैल जागेतले, कडेचे रेणू आधी जातात, त्यामुळे पीकचा खांदाही कधीकधी असा साफ होतो.

इलेक्ट्रोड परत वापरायचा असेल तर ०.५ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उणे १ व्होल्टच्या पलीकडे न्या, गंधकाची पकड सुटते. मग परत ॲल्युमिना, परत ॲसिड.

डोळ्याने रांगा बघायच्या असतील तर

यासाठी फेरोसीनपेक्षा थॅलोसायनीन सोपं, कारण तो रेणू चपटा चौकोनी आहे आणि पृष्ठभागावर आडवा पडतो, मधोमध धातू. सोन्याऐवजी ग्राफाइट घ्या, चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा ओढून काढला की खाली कोरा पृष्ठभाग, ज्योत नको की ॲसिड नको. बाजूला लांब साखळ्या असलेलं कॉपर थॅलोसायनीन फेनिलऑक्टेनमध्ये विरघळवा, साखळ्या नसलेलं जवळपास विरघळतच नाही. एक थेंब टाका आणि स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची (सुई पृष्ठभागाजवळून फिरवून करंटवरून चित्र काढणारं यंत्र) सुई थेंबातच उतरवा. करंट काही पिकोअँपिअर ते दहावीस पिकोअँपिअर एवढाच ठेवा, जास्त ठेवला की सुई खाली जाऊन रेणू झाडून टाकते. यात काहीच दिसलं नाही तर बहुतेक वेळा सुईच बोथट असते, प्लॅटिनम-इरिडियमची तार तिरकी ओढून परत कापा.

धातू कोणता यावर चित्र बदलतं ही मला यातली सगळ्यात मजेदार गोष्ट वाटते. अतिनिर्वात स्थितीत सोन्यावर कोबाल्ट थॅलोसायनीनचं केंद्र उजळ ठिपक्यासारखं दिसतं, कॉपरचं खड्ड्यासारखं काळं. दोन्ही अणू जवळपास तेवढेच, पण कोबाल्टची वरच्या दिशेने उभी असलेली डी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन राहण्याची जागा) अर्धी भरलेली असते आणि सुईला त्यातून इलेक्ट्रॉन सहज मिळतो. म्हणजे मायक्रोस्कोप उंची दाखवत नाहीये, इलेक्ट्रॉनची सोय दाखवतोय.

ग्राफाइटवर एक धोका आहे. वरचा पापुद्रा जरा फिरलेला असेल तर नुसत्या ग्राफाइटवरच मोठ्या आकाराची सुंदर नक्षी दिसते, आणि ती रेणूंची रांग म्हणून खपून जाते. थेंब टाकण्याआधी त्याच जागी कोरा स्कॅन घ्या, दिसणाऱ्या ठिपक्यांमधलं २.४६ अँगस्ट्रॉमचं अंतर नीट येतंय का ते बघून मोजपट्टी जुळवा, आणि थेंबानंतर दिसलेली नक्षी कोऱ्या स्कॅनमध्ये आधीपासून होती का ते तपासा. असेल तर तिथून सुई हलवून दुसरी जागा शोधा, त्या जागेवर वेळ घालवू नका.